एका बैलाचे इतिहासकार

पूर्व रोमन साम्राज्य बुडालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा न्हावऱ्याला येऊन जावं. फाट्यावर उतरावं, कॅनॉल ओलांडावा, आणि जिथं कॅनॉलचं पाणी पोचत नाही तिथल्या एका पत्र्याच्या शेडसमोर उभं राहून ‘बायझंटाइन’ एवढा एकच शब्द जरा मोठ्यानं म्हणावा. आतून माझे मामेसासरे बाहेर येतील, बसायला पोतं टाकतील आणि पुढचे दोन तास तुम्हाला उठू देणार नाहीत. अख्ख्या पृथ्वीवर ते साम्राज्य आता या एकाच ठिकाणी जिवंत आहे, आणि चांगलं धडधाकट आहे. हे मी पैजेवर सांगतो. मी रांजणगावला कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतो. उगाच कुणाला पास करायची मला सवय नाही.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांनी उभी हयात दौंडला रेल्वेत, मालगाडीवर गार्ड म्हणून काढली. मालगाडीचा गार्ड हा जगातला सगळ्यात एकटा माणूस. पुढं पन्नास-साठ वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, त्यांच्याही पुढं ड्रायव्हर, आणि आपण शेवटच्या डब्यात, मागं पळणारे रूळ बघत. त्यात मेल-एक्स्प्रेसना वाट द्यायची म्हणून मालगाडीला कुठल्या तरी आडस्टेशनावर पाच-पाच, सहा-सहा तास उभं करून ठेवतात. बाकीचे गार्ड या वेळात झोपा काढायचे, नाहीतर रेल्वेला शिव्या द्यायचे. मामांच्या नशिबात एके दिवशी रद्दीची वाघीण आली. कागद कारखान्याला निघालेल्या रद्दीचा एक गठ्ठा फुटला होता आणि त्यातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक रुळांवर पडलं होतं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, शेवटचीही नाहीत. मामांनी ते उचललं आणि माणूस सरळ असल्यामुळं रिपोर्टात रीतसर लिहिलं, ‘मालातील एक पुस्तक वाचण्यासाठी घेतले आहे.’ वरून शेरा आला, ‘तात्काळ परत करावे.’ तोवर बाकीच्या रद्दीचा लगदा झाला होता. परत करायचं कुणाला? मामा म्हणतात, “रेल्वेनं माझ्याकडनं आजवर परत मागितलेली ही एकच वस्तू, आन् तीच मी दिली न्हाई.”

ते पुस्तक पूर्व रोमन, म्हणजेच बायझंटाइन, साम्राज्याच्या इतिहासाचं होतं. शेवटची पानं गेलेली असल्यामुळं राजधानी कॉन्स्टँटिनोपल पुढं तुर्कांनी जिंकली, ही गोष्ट मामांना कळलीच नाही. एक-दोन दिवस नव्हे, तब्बल सहा वर्षं. सहा वर्षं हा माणूस दौंड ते मनमाड, मनमाड ते दौंड करत होता आणि त्याच्या हिशेबी सम्राट खुशाल गादीवर बसलेले होते. मग एकदा पुण्याच्या एका वाचनालयात त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं आणि उभ्या जागी मटकन खाली बसले. घरी आले ते तोंड पाडूनच. मामींनी विचारलं, “काय झालं वो?” मामा म्हणाले, “पडलं.” “कोण पडलं?” “कॉन्स्टँटिनोपल.” मामी म्हणाल्या, “अगं बाई! लागलं का फार?” मामांनी तीन दिवस रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ‘घरातील दुःखद घटना.’ साहेबांनी ती मंजूर केली, वर भेटायलाही आले.

त्यानंतर मात्र मामा चवताळले. जे बुडालं ते नीट समजून घ्यायचंच, असा चंग बांधला. दौंडच्या चर्चमध्ये एक म्हातारे फादर होते, त्यांना प्रार्थनेपुरतं ग्रीक यायचं. मामा ड्युटी संपली की गणवेशातच त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचे. फादरना वाटलं माणूस धर्म बदलायला आलाय. चार महिन्यांनी कळलं की याला धर्माशी कर्तव्य नाही, क्रियापदं हवी आहेत. तरी फादरनी जेवढं होतं तेवढं सगळं दिलं. बाकी मामांनी स्वतः खणून काढलं. कुणी नुसतं म्हणून दाखवावं की रोम तर कधीच पडलं होतं, की यांचा पारा चढलाच. “कोण म्हणतं पडलं? मेन लाइन बंद झाली, ब्रँच लाइन पुढं हजार वर्षं चालली. गाडीत बसल्याली माणसं सोताला रोमनच म्हणत हुती. पॅशिंजरला इचारा ना, गाडी कुठली ती!”

माझं लग्न जमताना मी मुलगी बघायला गेलो, तर मुलीला कुणी काही विचारलंच नाही. मामांनी मलाच समोर बसवलं. “जावईबापू, कॉन्स्टँटिनोपल कुणी वसवलं?” मला घाम फुटला. डिप्लोमाला हा विषय नव्हता. मी म्हटलं, “माहीत नाही.” माझ्या वडिलांनी तर चप्पल शोधायला सुरुवात केली. मामा उठले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पोरगा खरं बोलतोय. ठोकून दिलं न्हाई. द्या पोरगी!” माझ्या संसाराचा पाया अशा तऱ्हेनं माझ्या अज्ञानावर उभा आहे, असं बायको अजून पाहुण्यांना सांगते.

निवृत्त झाल्यावर मामा गावी आले. आले ते गार्डाची काळी लोखंडी पेटी घेऊन. ड्युटीवर असताना त्या पेटीत झेंडे, दिवा, जेवणाचे डबे असायचे. आता तीत पुस्तकं, वह्या आणि झेरॉक्सच्या थप्प्या. गोठ्यातली जनावरंही त्या पेटीतूनच नाव घेऊन बाहेर आली. गाईचं नाव सम्राज्ञीचं, थिओडोरा. बैलाचं नाव सम्राटाचं, हेराक्लिअस, पण गावानं त्याला पहिल्याच दिवशी हरकल्या करून टाकलं आणि बैलालाही तेच सोयीचं वाटलं. बैल एकच. दुसरा बैल, पांढऱ्या, होता बांधापलीकडे, आप्पांकडे. आणि या आप्पांमुळंच पुढचं सगळं रामायण घडलं.

आप्पा म्हणजे मामांचे चुलतभाऊ. दोघं एकाच वर्षी जन्मले, एकाच शाळेत नापास झाले, आणि दोघांच्या शेतांमध्ये एक बांध. त्या बांधावर एक लिंबाचं झाड. झाड कुणाचं आणि त्यामुळं बांध कुणाकडं सरकला, यावरून शिरूरच्या कोर्टात तेव्हा अकरा वर्षं केस चालू. केस लागली त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मामा त्यांचं नावसुद्धा घेत नाहीत, कोर्टातल्यासारखं ‘प्रतिवादी’ म्हणतात. “प्रतिवादीची ज्वारी चांगली आलीय बरं का औंदा.” आता खरी मजा पुढं आहे. दोघांकडं एकेकच बैल, आणि एका बैलानं पेरणी होत नाही. म्हणून आज मामांच्या रानात दोन्ही बैल, उद्या आप्पांच्या रानात दोन्ही बैल. आमच्याकडं याला सावड म्हणतात. यांच्या बापजाद्यांपासून ती चालत आलेली, ती केस लागली तरी मोडली नाही. सबंध दिवस दोघं पेरणीच्या एका पाभरीमागं चालायचे, एका झाडाखाली भाकरी खायचे, तेच लिंबाचं झाड बरं का, ज्याच्यावर केस आहे तेच! आणि एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत. काही सांगायचंच झालं तर बैलाला सांगायचे. आप्पा म्हणणार, “हरकल्या, तुझ्या मालकाला सांग, तास वाकडं चाललंय.” की मामा पांढऱ्या बैलाच्या कानाशी जाऊन म्हणणार, “प्रतिवादीला म्हणावं, सरळच हाय, चष्म्याचा नंबर बदल.”

कोर्टाच्या तारखेला दोघं जायचे ते आप्पांच्या मोटरसायकलवर, कारण मामांना गाडी चालवता येत नाही. “आयुष्यभर मागच्या डब्यात बसलोय, फुडं बघायची सवय न्हाई,” म्हणतात. खरंच नाही. मागं बसले तरी मान मागंच वळलेली असते. आप्पांनी किक मारली की यांचा हात, गाडी सोडताना गार्ड करतो तसा, आपोआप वर जातो आणि तोंडातून निघतं, “ऑल राइट.” त्याशिवाय आप्पा गियर टाकत नाहीत. वादी आणि प्रतिवादी एका गाडीवरून कोर्टाच्या आवारात उतरताना मी या डोळ्यांनी पाहिलेत. दोघांचे वकील दोन दिशांनी धावत आले आणि या दोघांना वेगवेगळ्या बाकांवर नेऊन बसवलं.

आता मामांच्या संशोधनाकडं येतो. कुठल्याशा मठाच्या जुन्या दफ्तरात एका बायझंटाइन गावाची करवसुलीची यादी आहे. त्यात घरवार नोंद: बायको-पोरं किती, द्राक्षवेल किती, बैल किती. काही घरं दोन बैलांची, काही बिनबैलांची, आणि बरीचशी एका बैलाची. या एका बैलाच्या घरांना मोठमोठे विद्वान म्हणत आलेत, ही डबघाईला आलेली कुटुंबं. एक बैल गेला, आता दुसराही जाणार. मामांना हे पटेना. ते वर्षभर त्या यादीच्या झेरॉक्सवर भिंग घेऊन बसले आणि एक दिवस मला फोन आला. मी कारखान्यात ऑडिटला उभा. “जावईबापू, एक बैलवाली घरं यादीत जोडीजोडीनं आल्यात! शेजारी-शेजारी! अवो, सावड हाय ती! ती काय बुडत न्हवती, माझ्यावानी जगत हुती!” मी कुजबुजलो, “मामा, ऑडिट चालू आहे.” ते म्हणाले, “हेच तर ऑडिट हाय, बाराशे-तेराशे वर्सांत कुणी केलं न्हाई!” वर्षांचा हिशेब उत्साहात जरा पुढंमागं होतो त्यांचा, पण ते असो.

निबंध टाइप करायचं काम अर्थातच माझ्याकडं. मामांची लिहायची तऱ्हा रेल्वेच्या रिपोर्टाची. सम्राटाचं नाव, गादीवर येण्याची वेळ, प्रत्यक्ष आल्याची वेळ, उशिराचं कारण. एकदा मी उशिराच्या रकान्यात वाचलं, ‘सख्ख्या आईने डोळे काढले.’ मी पुण्याच्या एका संशोधनपत्रिकेला तो निबंध तसाच पाठवला, आणि तो तसाच परत आला. संपादक एक प्राध्यापक बाई होत्या. त्यांनी सौम्य शब्दांत कळवलं की मांडणी शास्त्रीय हवी. मग आम्ही तीन महिने मांडणी सुधारली. मामांनी रकाने काढून टाकताना असा चेहरा केला, जणू मी त्यांचा गणवेशच उतरवत होतो.

दुसऱ्यांदा निबंध परत आला तेव्हा मी तिथंच होतो. मामींनी पाकीट बघितलं आणि काळ्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, “बास झालं आता. डोळ्याचं आपरेशन झालंय, डाक्टर वाचू नका म्हणतोय, आन् ही माणसं तुमाला विद्यार्थ्यावानी परत पाठवत्यात. मला बघवत न्हाई.” मामा म्हणाले, “आजून एकदा धाडतो. तिसऱ्यांदा माघारी आलं, तर पेटीला मी सोता कुलूप लावीन आन् किल्ली तुझ्याकडं दीन.” हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही झाला की मी घाईघाईनं चहा पिऊन टाकला. चाळीस वर्षांचं काम होतं ते. माणूस शेवटच्या डब्यात बसून, हलत्या दिव्याखाली, कुणीही न सांगता, कुणालाही न दाखवता एवढं शिकला. आणि ते माळ्यावर जाणार होतं.

मग मामांनी बाईंचं पत्र मोठ्यानं वाचलं. बाईंचा आक्षेप मोठा शहाणपणाचा होता. त्यांनी लिहिलं होतं, याच गावातल्या दोन एकबैली शेजाऱ्यांमध्ये शेताच्या हद्दीवरून वाद चालू असल्याचा दुसरा एक कागद त्याच दफ्तरात आहे. ज्यांचं आपसांत भांडण आहे ते शेतकरी बैल एकत्र करून काम करतील, हे संभवत नाही. सबब सावडीचा तर्क टिकत नाही. मामांनी पत्र खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं, आणि जे हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. मामी पाणी घेऊन धावल्या. “भांडण हाय म्हणं! बांधाचं! अवो बाई, मग तर शंभर टक्के सावड हाय! बांधाला बांध असल्याबिगर भांडान हुतंय व्हय? आन् बांधाला बांध असल्याबिगर सावड तरी हुती का?”

मी म्हटलं, “मामा, हेच लिहू.” ते म्हणाले, “लिहून काय हुतंय? त्यांना पुरावा पाह्यजे. आता मी काय निबंधाला प्रतिवादी टाचणीनं टोचून धाडू?” मी म्हटलं, “त्यांना पाठवता येत नाही, पण बाईंना बोलावता येतं.” आणि मी त्याच दिवशी मेल टाकली. बाई, रब्बीच्या पेरणीला न्हावऱ्याला या, तुमच्या दफ्तरातले दोन शेतकरी समक्ष दाखवतो. मला वाटलं उत्तर येणार नाही. दुसऱ्या दिवशी आलं: येते.

ही बातमी गावात फिरत फिरत आप्पांच्या कानावर गेली आणि आप्पा बिघडले. गोठ्याच्या कुडाबाहेर उभे राहून ओरडले, “हरकल्या! सांग तुझ्या गार्डसायबाला! मी काय सर्कशीतला वाघ हाय व्हय, पुण्याच्या बाईला दाखवाय?” त्यानंतर चार दिवस पांढऱ्या आमच्या नजरेला पडला नाही. इकडं रानाला वाफसा आलेला, म्हणजे पेरायला जेवढी ओल लागते तेवढी जमिनीत बरोबर धरलेली. दोन दिवस उशीर झाला तर ओल उडून जाणार. मी म्हटलं, जाऊन आप्पांची समजूत काढतो. मामांनी मला अडवलं. “सावडीला बोलवायचं नसतं, जावईबापू. वाफसा झाला की ज्यानं त्यानं यायचं. बोलवून आला तर ती सावड न्हवं, मजुरी.” मी कपाळावर हात मारला. संशोधनही याच माणसाचं आणि हट्टही याच माणसाचा!

ठरल्या दिवशी सकाळी फाट्यावर एसटीतून बाई उतरल्या. पंचावन्नच्या आसपास, पायात खेळाचे बूट, गळ्यात पिशवी. माझ्या मोटरसायकलवर अगदी सरावानं बसल्या. शेतात पोचलो तर मामा स्वच्छ पांढरी टोपी घालून उभे. पाभर तयार. जुवाच्या एका बाजूला हरकल्या आणि दुसरी बाजू रिकामी, जमिनीला टेकलेली. बाईंनी ती रिकामी बाजू बघितली. आठ वाजले. मामींनी चहा आणला. सव्वाआठ झाले. मामा चष्मा पुसत होते. तोच तोच चष्मा, तीन वेळा पुसला. साडेआठला बाई अगदी मायेनं म्हणाल्या, “असू द्या, काका. आपण सावलीत बसून कागदांवर बोलू.” तो ‘असू द्या’ मी ओळखला. क्वालिटीतला माणूस आहे मी, रिजेक्टचा शेरा कसा हळूच मारतात ते मला माहीत आहे. मामी पदराशी चाळा करत उभ्या होत्या, आणि त्या पदराच्या गाठीला मला पेटीची किल्ली दिसायला लागली होती.

तेवढ्यात घुंगरं वाजली.

बांधावरून पांढऱ्या येत होता आणि त्याच्यामागं आप्पा. धुतलेलं धोतर, कडक टोपी, काखेत प्लास्टिकची पिशवी. मामांकडं त्यांनी बघितलंही नाही. आधी बैल जुवाखाली आणला, गळ्यात सापतीचा पट्टा अडकवला, पाभरीच्या चाड्यात पेरायची ज्वारी ओतली. वाफसा आधी, माणसं मग. सगळं मनासारखं झाल्यावर ते बाईंकडं वळले. “राम राम बाई. येळ झाला, माफी करा. कागूद घावंना. सुनंनं पिठाच्या डब्याखाली घातला हुता.” त्यांनी पिशवीतून कोर्टाचं समन्स काढून बाईंच्या हातात दिलं. “तुमाला पुरावा लागतोय म्हणं. बैल तर हे हुभं हायती. पर आमचं भांडान खरं हाय, ह्याचा पुरावा ह्या गार्डसायबानं ठिवला नसंल, म्हाईत हाय मला. म्हणून आणला. वाचा. वादी हे, प्रतिवादी मी. शिक्का बघा कोर्टाचा. न्हाई तर उद्या म्हणाल, दोघं भाव-भाव ग्वाड हायती आन् आपल्याला नाटक दाखवलं!”

बाईंनी समन्स वाचलं. मग जुवाकडं बघितलं. मग पुन्हा समन्स वाचलं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि आप्पांना विचारलं, “पण आप्पा, अकरा वर्षं तुम्ही यांच्याशी बोलत नाही, यांच्यावर केस लढता, आणि बैल कसा देता?”

आप्पांना हा प्रश्नच कळेना. ते म्हणाले, “बाई, केस बांधाची हाय. बैलाची कुठं केस हाय?” बाई म्हणाल्या, “तरीही, राग येत नाही?” आप्पा म्हणाले, “येतोय की! तारखेला येतोय. पर वाफसा उडून गेल्यावर कोर्ट पेरून देतंय व्हय?” बाई ते सगळं भराभर लिहून घेत होत्या. मी मामांकडं बघितलं. मामा दुसरीकडं तोंड करून लिंबाच्या झाडाकडं बघत उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय करत होते, मी विचारलं नाही.

मग पेरणी झाली. काय पेरणी झाली म्हणून सांगू! मामांनी बैल धरले, आप्पांनी चाड्यावर मूठ धरली, आणि बाई बूट काढून अनवाणी मागं चालल्या. बैलांमार्फत बोलणी सुरू. “हरकल्या, म्हणावं, पाहुणी आली म्हणून छाती काढून चालू नको.” “पांढऱ्या, म्हणावं, समन्स आणताना टोपीला इस्त्री कुणासाठी केली हुती?” बाई हसून हसून बांधावर बसल्या. दुपारी लिंबाखाली भाकरी झाल्यावर मामांनी काळी पेटी आणली, ती यादी बाहेर काढली आणि त्या दोन भांडखोर शेजाऱ्यांची नावं खणखणीत ग्रीकमध्ये वाचून दाखवली. आप्पा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, “बाई, इचारा जरा, त्यातला कुणाचा बैल उजवीला चालायचा?” बाई म्हणाल्या, “ते कागदात नाही.” आप्पांनी मान हलवली. “मग अर्धंच संशोधन झालं म्हणायचं.”

महिन्याभरात पत्र आलं. निबंध स्वीकारला होता, आणि तो पुण्यात परिसंवादात वाचायचं निमंत्रणही होतं. मामी ते पत्र घेऊन अख्ख्या आळीत फिरल्या. वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक घरी ‘इथं सही हाय बघा’ म्हणून दाखवत होत्या. आम्ही पुण्याला गेलो, आप्पाही आले. बसमध्ये मामांच्या मागच्या सीटवर. सभागृहात मोठमोठी मंडळी. मामा उभे राहिले, पहिल्या वाक्याला जरा अडखळले, मग जी गाडी लागली ती सुसाट. प्रश्नांच्या वेळी एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “आपलं शिक्षण कुठं झालं?” मामा म्हणाले, “दौंड ते मनमाड. थोडंसं दौंड ते सोलापूर.” सभागृह उठून उभं राहिलं हो! मी कारखान्यात इतकी वर्षं बक्षीस समारंभ बघतोय, असल्या टाळ्या ऐकल्या नव्हत्या. मी रडलो, उगाच कशाला खोटं बोलू. छापील निबंधात तळटिपेत बाईंनी आप्पांचं पूर्ण नाव घालून लिहिलं, वाद कायम ठेवून सहकार्य केल्याबद्दल आभार. आप्पांनी त्या पानाचं लॅमिनेशन करून घेतलं आणि कोर्टाच्या फाइलमध्ये लावलं. पेटीला कुलूप लागलं नाही ते नाहीच.

याला आता दोन वर्षं झाली. पांढऱ्या मागच्या उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला. आप्पांचे गुडघे गेलेत, त्यांनी दुसरा बैल घेतला नाही. दोघांचीही ज्वारी आता ट्रॅक्टर येऊन तासाभरात पेरून जातो. जू शेडच्या आढ्याला टांगलंय. हरकल्या दावणीला नुसता उभा असतो. विका म्हटलं तर मामा म्हणतात, “यादीत एक बैल लिहिलाय. एक ऱ्हाणार.” सावड संपली तशी दोघांच्या एकत्र येण्याची एकच जागा उरली, ती म्हणजे तारीख. मागच्या खेपेला न्यायाधीश म्हणाले, दोघं सत्तरी ओलांडलेले, बांध दोन हाताचा, मिटवून टाका की. तर हे दोघे एकदम उभे राहिले आणि एका आवाजात म्हणाले, “साहेब, पुढची तारीख द्या.”

मला राहवलं नाही. परवा तारखेच्या सकाळी मी न्हावऱ्यातच होतो. म्हटलं, “मामा, आता काय राहिलंय त्यात? मिटवा.” मामा पायात चपला सरकवत होते. म्हणाले, “जावईबापू, त्या यादीतल्या दोघा गड्यांचं फुडं काय झालं, म्हाईत हाय का?” मी म्हटलं, “नाही.” “कुणालाच न्हाई. त्या वादाचा निकाल कुठंच घावत न्हाई. मी काय समजतो, चालू हाय म्हणून समजतो. आपल्या पुस्तकाला शेवटची पानं न्हवती, तवा सहा वर्सं सम्राट गादीवर हुतं का न्हाई?” आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “मिटवली तर ह्यो मला कशाला न्यायला यील?”

बाहेर मोटरसायकलचा आवाज आला. आप्पा उतरले नाहीत. गोठ्याकडं तोंड करून ओरडले, “हरकल्या, सांग तुझ्या मालकाला, अकराला पुकारा हाय!” मामा मागं बसले, सवयीनं मान माझ्याकडं वळवली, हात वर केला आणि म्हणाले, “ऑल राइट.” मीही हात वर केला. कॅनॉलच्या वळणापर्यंत त्यांचा तो हात वरच होता.